दीड फुटाचं स्टूल

"डोक्याचाच का? एवढंच विचारतोय मी, डोक्याचाच का?" धाकट्याने जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली तशी घेवड्याच्या शेंगांची परात बोटभर पुढे सरकली. "माणूस पडतो तेव्हा नुसतं डोकं पडतं का? बाकीचं काय घरीच बसून राहतं?"

थोरलीने परात पुन्हा आपल्याकडे ओढली आणि एका शेंगेचा शेंडा मोडून तिचा दोरा सर्रकन काढला. धाकटा म्हणजे तिचा दीर. सकाळपासून त्याचा हा प्रश्न ती चौथ्यांदा ऐकत होती.

"आवाज खाली," सासूबाई म्हणाल्या. "खिडक्या उघड्या आहेत."

"असू देत उघड्या! कळू दे सगळ्यांना. ज्या घरची सून चोवीस वर्षं त्या मशीनवर बसते, त्या घरच्या म्हाताऱ्याला एक फुल बॉडी स्कॅन मिळत नाही."

"मशीनवर मी बसत नाही," थोरली म्हणाली. "मशीनवर पेशंट झोपतो."

खिडकीशी वर्तमानपत्रामागे बसलेला तिचा नवरा हसला, आणि ते हसू कुणाच्या लक्षात यायच्या आत त्याने त्याचा खोकला करून टाकला.

"वहिनी, जिभेला धार लावून बसू नकोस. कागद आणलास का?"

कागद म्हणजे ज्या फॉर्मवर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरणीने स्कॅन लिहून दिला होता त्याची झेरॉक्स. मंगळवारी सकाळी सासरे पडले होते. त्यांना सगळे आण्णा म्हणत. थोरलीच्याच इस्पितळात त्यांच्या फक्त डोक्याचा आणि मानेचा स्कॅन झाला, कपाळाला चार टाके पडले आणि संध्याकाळी घरी पाठवलं गेलं. गुरुवारी दुपारी ते न्हाणीघरात पांढरेफटक पडून सापडले. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या, त्यांच्याखालची प्लीहा फाटलेली, पोटभर रक्त साठलेलं. प्लीहा काढून टाकावी लागली. आता ते इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर नळ्यांच्या जाळ्यात पडून होते आणि धाकट्याने शुक्रवारीच त्या डॉक्टरणीविरुद्ध तक्रार ठोकून दिली होती. सोमवारी, म्हणजे उद्याच, अकरा वाजता समिती बसणार होती. तिच्यासमोर वाचायला त्याने सात पानं लिहिली होती. सातव्या पानावर 'नराधम' हा शब्द दोनदा आला होता.

"त्यावर तिची सही आहे," तो म्हणाला. "'फक्त डोकं आणि मान' असं तिच्या हाताने लिहिलेलं आहे. तेवढं समितीपुढे टाकलं की ती खलास. परवापासून मागतोय मी तो कागद. घरच्या माणसासाठी एक झेरॉक्स निघत नाही तुझ्याच्याने?"

झेरॉक्स शनिवारपासून थोरलीच्या पर्समध्ये होती. तिने अजून एक शेंग मोडली.

तशी ती बोलायला कमी नव्हती. पण तिच्या कामाने तिला मोजून बोलायची सवय लावली होती. वीस-एकवीसची असताना तिने क्ष-किरणांचा डिप्लोमा केला, कारण ती संस्था बसच्या शेवटच्या थांब्यावर होती आणि चढताना हमखास बसायला जागा मिळायची. याहून मोठं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण याहून मोठं कारण नव्हतंच. इस्पितळात लागली तेव्हा अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्मा धुवाव्या लागत. मग सीटी स्कॅनचं मशीन आलं, ते जाऊन दुसरं आलं, दुसरं जाऊन तिसरं आलं, आणि तिन्ही वेळा मशीनबरोबर शिकवायला आलेल्या माणसाने तिला सगळं शिकवून झाल्यावर तिच्याकडूनच एकदा शिकून घेतलं. काचेच्या आतून ती दिवसाकाठी चाळीस वेळा माइकमध्ये चार शब्द म्हणायची: "श्वास घ्या. धरा. सोडा." टेबलाशेजारी तिचा एक स्टीलचा ट्रे असायचा. त्यात लोकांच्या किल्ल्या, कवळ्या, कानातली, पट्टे उतरवून ठेवले जायचे. माणूस कितीही मोठा असो, तिच्यापुढे तो आधी त्या ट्रेमध्ये रिकामा व्हायचा आणि मग बोगद्यात शिरायचा. इस्पितळात तिचं नावच बोगदेवाली पडलं होतं. घरातही चेष्टेत तेच म्हणत. भाजी करपली की नवरा म्हणायचा, "बोगदेवाल्या बाई, श्वास धरू का सोडू?"

या घरात लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या महिन्यातच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. इथून बाहेर जाणारी प्रत्येक बातमी दारातच छाटली जायची. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तर बाहेर सांगितलं, थेंब टाकले. तिच्या नवऱ्याची पहिली नोकरी गेली तेव्हा तो आठ महिने 'रजेवर' होता. धाकट्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तर 'तारीख पुढे गेली' असं सांगितलं आणि ती तारीख नऊ वर्षं पुढेच जात राहिली. खोटं कुणी बोलायचं नाही, फक्त लहान करून बोलायचं. सासूबाई म्हणायच्या, "लोकांना अर्धं सांगितलं की ते पाऊण विसरतात." थोरलीला हे पहिल्यांदा विचित्र वाटलं, मग गमतीचं वाटलं, मग तिलाही त्याची सवय झाली. माहेरी विचारलं की तीही म्हणायची, "सगळं छान."

तिच्या मशीनचं सगळं काम मात्र नेमकं उलट होतं. तिथे माणूस लहान करून सांगितला की मरायचा.

पूर्वी अपघाताचा कुणीही आला की त्याला डोक्यापासून मांडीपर्यंत बोगद्यातून काढायचे. कुणी सायकलवरून पडला, काढा फुल बॉडी. कुणी जिन्याच्या दोन पायऱ्या चुकला, काढा फुल बॉडी. नातेवाईक खूश, डॉक्टर निर्धास्त. पण पोराटोरांना फुकट किरणं बसायची, हातात रंगाचं इंजेक्शन टोचलं जायचं, आणि एकदा एका खरचटलेल्या माणसाचं आख्खं अंग काढेपर्यंत बाहेर स्ट्रेचरवर अर्धांगवायूचा झटका आलेली एक बाई वाट पाहत पडून राहिली. तिचा उजवा हात कायमचा गेला. तेव्हापासून भिंतीवर एक कार्ड लागलं. दहा फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडला आहे का? गाडीबाहेर फेकला गेला आहे का? शुद्ध हरपली होती का? बीपी उतरलं आहे का? दोन ठिकाणी मोठी मोडतोड आहे का? यातल्या एकालाही 'हो' आलं तर सगळं अंग. एकही 'हो' नसेल तर जिथे दुखतं तेवढंच. कार्ड पाच प्रश्नांचं होतं आणि पहिल्याचं उत्तर पेशंटच्या किंवा त्याला आणणाऱ्याच्या तोंडूनच यायचं.

ते कार्ड लावलं होतं कॅज्युअल्टीतल्या त्या डॉक्टरणीनेच. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काडी, आणि बोलणं असं की सगळ्या मजल्यावर तिला 'टाचणी' म्हणत. थोरलीला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. आण्णा पडायच्या दोन आठवडे आधी तिने एका कुरिअरवाल्याला फुल बॉडी लिहून पाठवलं. तो गडी स्वतःच्या पायांनी चालत आला, ट्रेमध्ये मोबाईल टाकताना थोरलीला म्हणाला, "मावशी, पार्सल नीट हाताळा हं." थोरलीने फोन उचलून विचारलं, "अहो डॉक्टर, हा तर चालतोय, बोलतोय. याचं सगळं अंग कशाला?"

टाचणी फोनवर बोलली नाही. ती तडक खोलीत आली. आत दोन शिकाऊ मुली होत्या, एक वॉर्डबॉय होता. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "गाडीवरून तो वीस फूट लांब उडालाय. ठरवायचं काम माझं. तुमचं काम बटण दाबायचं."

थोरलीने बटण दाबलं. कुरिअरवाल्याचं डावं मूत्रपिंड फाटलेलं निघालं. तासाभरात तो ऑपरेशनला गेला आणि वाचला. आणि हे वाचणंच थोरलीला जास्त झोंबलं. टाचणी चुकली असती तर तिला निदान रागावता तरी आलं असतं. पंधरवडाभर कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी चहाचा कप पुढे करून विचारायचं, "काकू, बटण दाबू का?" चोवीस वर्षांत तिला असं कुणी हसलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला ट्रॉलीवरून आण्णांना आत आणलं तेव्हा ती ट्रे पुसत होती. फॉर्मवर 'इजा कशी झाली' या ओळीत टाचणीच्या टोकदार अक्षरांत लिहिलं होतं: घरात स्टुलावरून पाय घसरून पडले, उंची अंदाजे दीड फूट, सांगणारा धाकटा मुलगा. खाली पाचही प्रश्नांपुढे 'नाही'.

थोरलीने त्यांची कवळी ट्रेमध्ये ठेवली. हात सरळ करायला गेली तर दोन्ही तळव्यांवर तांबडा गंज होता. टेबलावर सरकवताना वॉर्डबॉयने त्यांना जरा कुशीवर केलं, आणि पँटच्या डाव्या बाजूला, कमरेपासून मांडीपर्यंत, तिला काळं डांबर दिसलं.

डांबर कुठेही असतं. रस्त्यावर असतं, गॅरेजात असतं. पण तिच्या घरच्या गच्चीवर गळती थांबवायला रविवारीच डांबर ओतलं होतं, आणि गच्चीवरच्या टाकीला लोखंडी शिडी होती. टाकीचा फ्लोट आठवडाभर बिघडलेला होता. "भावजी, जरा वर चढून बघा," असं तिने आठ वेळा सांगितलं होतं. शिडी बारा फुटांची होती. आण्णांना तिथे चढायला सगळ्यांनी बंदी केली होती.

"आण्णा," ती त्यांच्या कानाशी वाकली, "कुठून पडलात?"

आण्णा छताकडे बघत राहिले. कवळीशिवाय तोंड आत गेलेलं. "स्टुलावरून," ते म्हणाले. आणि डाव्या कुशीवर हात ठेवून, सवयीने, "काही नाही गं. थोडंसं."

ती काचेआड गेली. फोन उजव्या हाताला होता. उचलायचा, तीन आकडे फिरवायचे आणि म्हणायचं: डॉक्टर, हे स्टूल नाही, हे बारा फूट आहेत. मग टाचणी तडक आत येणार. शिकाऊ मुली आजही होत्या, तोच वॉर्डबॉय होता. आणि टाचणी विचारणार, तुम्ही कशावरून ठरवलंत? तिने फोनवर हात ठेवला. मग तो काढून घेतला. तिला तेव्हा नक्की काय वाटलं ते तिला नंतर नेमकं आठवत होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. तिला वाटलं: ठरवायचं काम तिचं ना? मग ठरवू दे.

"श्वास घ्या," ती माइकमध्ये म्हणाली. "धरा."

डोक्याचा स्कॅन स्वच्छ निघाला. मानेचाही. पोट त्याच टेबलावर होतं, अजून पाच मिनिटांचं काम होतं. तिने टेबल बाहेर घेतलं आणि कवळी त्यांच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी घरी न्हाणीघराच्या दारात एक स्टूल आडवं पडलेलं होतं. पुराव्याला ठेवावं तसं. तिने ते उचलून जागेवर ठेवलं. दोन दिवस आण्णा भाताची पेज घेत होते आणि "काही नाही, थोडंसं" म्हणत होते.

शनिवारी दुपारी टाचणी स्वतः तिच्या खोलीत आली. दार लावून घेतलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण आवाज तसाच.

"तुमच्या दिरांची तक्रार वाचली मी. मला नराधम म्हटलंय."

"ते मलाही बरंच काही म्हणतात."

"मी त्यांना तीनदा विचारलं. नक्की स्टूल का, नक्की किती उंच, नक्की घरात का. तीनदा हो म्हणाले. पेशंटही हो म्हणाले. पोट दाबलं तर म्हणाले, थोडंसं."

"बरं."

"तुम्ही त्याच घरात राहता."

"राहते."

"त्यांच्या पँटवर काळं होतं. मीही पाहिलं. मला तो डाग वाटला." टाचणीने पहिल्यांदाच जरा थांबून श्वास घेतला. "तुम्हाला तो काय वाटला?"

थोरली ट्रेमधल्या किल्ल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला लावत होती. "माझं काम," ती म्हणाली, "बटण दाबायचं."

टाचणी तिच्याकडे बघत राहिली. "ते वाक्य मी परत घेणार नाही. तो कुरिअरवाला जिवंत आहे."

"मी मागितलंय कुठे परत?"

"माझं कंत्राट या महिन्याला संपतं. समितीने 'अपुरी तपासणी' असं लिहिलं की ते पुढे वाढत नाही, आणि दुसरीकडे कुणी उभं करत नाही. ते कार्डही उतरवणार आहेत. मग पुन्हा पूर्वीसारखं, आला माणूस की काढ सगळं अंग." दाराच्या मुठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तुम्हाला हेच हवं असेल तर गप्पच बसा. तुम्हाला ते छान जमतं."

ती गेल्यावर थोरलीने तिला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. मग कपाट उघडलं, मंगळवारचा गठ्ठा काढला आणि फॉर्मची झेरॉक्स काढून आणली.

"कागद," धाकट्याने टेबलावर बोट टकटकवलं. "आणलास की नाही?"

थोरलीने हात पुसले. पर्स घेऊन आली आणि घडी उलगडून कागद त्याच्या सात पानांवर ठेवला.

"हां! हे बघ, हे बघ. 'फक्त डोकं आणि मान.' सही, वेळ, सगळं." त्याचं बोट कागदावरून वर सरकलं आणि थांबलं. ओठ हलले. "हे काय? हे कशाला लिहिलंय तिने?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"माझं म्हणून कशाला लिहायचं? 'सांगणारा धाकटा मुलगा'! हे काय कोर्ट आहे?" त्याने मिठाची बाटली उचलून त्या ओळीवर ठेवली, मान तिरकी करून बघितलं. "एवढं झाकून झेरॉक्स काढता येईल. खालचंच महत्त्वाचं आहे."

"भावजी, आपली शिडी किती फुटांची आहे?"

नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते आधीच वाचून झालेलं होतं.

"शिडीचा इथे काय संबंध?" सासूबाई म्हणाल्या.

"मंगळवारी आण्णांच्या पँटला डांबर होतं. हातांना गंज होता. आपल्या न्हाणीघरात डांबर नाही, आणि स्टूल प्लॅस्टिकचं आहे."

"मग? चढले असतील म्हातारे," धाकटा म्हणाला. "आपलं ऐकतात कुठे ते? चढले आणि पडले. दवाखान्यात सांगायला लाज वाटली त्यांना. मी त्यांची लाज राखली. बापाची लाज राखणं गुन्हा आहे का?"

"तुम्ही कुठे होता?"

"झोपलो होतो मी."

"झोपला नव्हता गं तो," सासूबाईंचा आवाज एकदम चढला. त्यांना वाटलं पोराला आळशी ठरवतायत, आणि ते त्यांना कधीच खपत नसे. "सकाळी आठपासून उठून गच्चीवर उभा होता बिचारा शिडी धरून! एक फोन आला म्हणून दोन मिनिटं हात सोडला तर तेवढ्यात हे झालं. त्याने काय मुद्दाम ढकललं का बापाला?"

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण शब्द खिडकीबाहेर जाऊन आले होते.

वर्तमानपत्र खाली आलं. "तू धरली होतीस शिडी?" थोरलीच्या नवऱ्याने विचारलं. आठवड्याभरात त्याने काढलेलं हे पहिलं सरळ वाक्य.

"रेंज येत नव्हती," धाकटा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कठड्याशी गेलो फक्त. चार पावलं."

"आणि मग स्टूल न्हाणीघरात नेऊन आडवं टाकलंस," थोरली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला एकेरीत संबोधलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण धाकट्याला तेवढ्यात काहीतरी सापडलं होतं. तो खुर्चीतून अर्धा उठला. "थांब. थांब, वहिनी. मंगळवारी पाहिलंस डांबर? टेबलावर असताना?"

"हो."

"म्हणजे तुला तिथेच कळलं होतं."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस? फोन हाताशी, डॉक्टर शेजारच्या खोलीत, आणि तू गप्प बसलीस! मी तर काय बोलून चालून अडाणी. तुला माहीत होतं आत काय फाटतं ते!" तो आता खऱ्या आनंदाने ओरडत होता. "आई, ऐकलंस? हिने मारलं असतं त्यांना. आपल्या घरच्या बोगदेवालीने!"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "का गं?" त्यांनी विचारलं. "काय वाईट केलं होतं त्यांनी तुझं? नवऱ्याचा बाप होता तो."

"आहे," थोरली म्हणाली. "अजून आहे."

"मग बोलली का नाहीस?"

तिला वाटलं, यालाही छाटता येईल. घाईत होते, गर्दी होती, डाग नीट दिसला नाही. या घरात ती तेवीस वर्षं हेच शिकली होती. तिने परातीत हात घातला, पण मोडायला शेंग उरली नव्हती.

"ती डॉक्टरीण मला लोकांसमोर बोलली होती," ती म्हणाली. "त्या रागात."

"एवढ्यासाठी?" सासूबाई.

"एवढ्यासाठी."

नवऱ्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. तो असा चष्मा पुसू लागला की आता तो सगळ्यांना सोयीचं काहीतरी बोलणार हे तिला माहीत होतं.

"हे बघा," तो म्हणाला. "आण्णा वाचलेत. ते महत्त्वाचं. तर तू तक्रार मागे घे. गैरसमज झाला म्हणावं. आणि तूही," तो थोरलीकडे न बघता म्हणाला, "समितीपुढे काही आठवत नाही म्हण. घरातलं घरात मिटलं."

"मागे कशी घेणार?" धाकटा म्हणाला. "उद्या त्यांनी विचारलं, मग केली कशाला? उलट माझ्यावरच शेकेल. तिच्यावर काय, डॉक्टर आहे ती, दुसरीकडे लागेल कुठेतरी."

"लागेलच की," सासूबाई म्हणाल्या. "तरुण आहे." मग त्या आवाज खाली आणून समजुतीने थोरलीकडे वळल्या. "अगं, तुझी आठ वर्षं राहिलीत नोकरीची. तू पाहिलंस आणि बोलली नाहीस हे कळलं तर तुला ठेवतील का ते? कुणासाठी? त्या टाचणीसाठी? तूच म्हणतेस ना, एक नंबरची उद्धट आहे म्हणून?"

"आहे," थोरली म्हणाली. "उद्धटच आहे."

ती उठली. परात ओट्यावर ठेवली, शेंडे-दोरे कचऱ्यात टाकले, हात धुतले. सासऱ्यांची कवळी तीन दिवस खिडकीतल्या पेल्यात होती, तिचं पाणी तिने बदललं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे, अजून आहे" असं ओरडत होतं. तिने मिठाची बाटली झेरॉक्सवरून उचलली. तिच्या बुडाचं ओलं वर्तुळ 'दीड फूट' या शब्दांभोवती उमटलं होतं. तिने कागदाची घडी केली.

"कागद इकडे दे," धाकटा म्हणाला.

तिने तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मग टेबलाकडे वळून ती बोलली, रोज माइकमध्ये बोलायची त्याच आवाजात.

"उद्या अकराला मी समितीपुढे सांगणार आहे. बारा फूट. शिडी. शिडी भावजींनी धरली होती आणि सोडली. स्टूल भावजींनी सांगितलं. डांबर मी पाहिलं, ओळखलं आणि बोलले नाही. आज रात्री लिहून काढते, म्हणजे तिथे काही गाळलं जायला नको. मी आठला निघेन. आण्णांचा पेजेचा डबा ओट्यावर असेल, तो नऊपर्यंत पोचला पाहिजे. तो भावजी नेतील."